आय-नाइन राहू द्या, ड्राइव्हला जागा किती ते बघा

पत्र

नमस्कार. मी शिक्षिका आहे. घरात चार फोन आहेत आणि चारही 'स्टोरेज फुल्ल' म्हणून ओरडतात. दहा-बारा वर्षांचे फोटो आणि व्हिडिओ दोन पोर्टेबल ड्राइव्हवर आहेत, मिळून १.४ टीबी. क्लाउडचं भाडं भरत बसण्यापेक्षा घरीच छोटा सर्व्हर करायचं ठरवलंय. फोटो आपोआप जमा व्हावेत, सासऱ्यांना टीव्हीवर जुने व्हिडिओ दिसावेत, जाहिराती जरा कमी व्हाव्यात आणि मलाही काही शिकायला मिळावं, एवढीच अपेक्षा. लिनक्स थोडंफार येतं. पण मिनी पीसी शोधायला बसले आणि डोकं गरगरलं. एन-१००, एन-१५०, रायझन, ऑफिसमधून निघालेले रिफर्बिश्ड डबे, रास्पबेरी पाय... भाचा म्हणतो, "घ्यायचाच तर आय-नाइन घे मावशी, दहा वर्षं बघायला नको." नवरा म्हणतो, "काहीही घे, पण हॉलमध्ये आवाज नको." दोन ड्राइव्हपैकी एक हल्ली मधूनच टक-टक करतो, पण चालतो. नेमकं काय घेऊ? आणि सर्व्हर झाल्यावर हे जुने ड्राइव्ह टाकून देऊ का?

— टॅबच्या गर्दीत हरवलेली

उत्तर

नमस्कार ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य शेवटून तिसरं आहे, आणि ते तुम्ही जाता जाता लिहून गेलात. टक-टक करणारा ड्राइव्ह. आत वाचणारं जे टोक असतं त्याला आपली जागा सापडत नाही, ते मागे जाऊन पुन्हा प्रयत्न करतं, पुन्हा चुकतं; तो आवाज त्या फेऱ्यांचा असतो. आज चालतोय, उद्याची खात्री कुणी देणार नाही. तेव्हा मिनी पीसीचे टॅब मिटवा, आधी एक नवा ड्राइव्ह आणा आणि त्या आजारी ड्राइव्हवरचं सगळं उतरवून घ्या. आधी फोटो, मग घरचे व्हिडिओ, मग उरलेलं. अख्खा ड्राइव्ह एका दमात ओढू नका, फोल्डर फोल्डर करून घ्या. डिफ्रॅग किंवा 'डिस्क दुरुस्त' करणारी सॉफ्टवेअरं त्यावर अजिबात चालवू नका, मरणाऱ्याला पळायला लावण्यातला प्रकार आहे तो. मध्येच दिसेनासा झाला तर काढ-घाल करत बसू नका. तिथून पुढचं काम डेटा रिकव्हरीवाल्याचं. मिनी पीसी महिनाभर उशिरा आला तर काही बिघडत नाही.

झालं? मग आता भाच्याकडे वळू.

आय-नाइन म्हणजे इंटेलचा दांडगा प्रोसेसर. भाच्याचं म्हणणं चूक नाही, पण ते गेम खेळायच्या मशीनबद्दल आहे. तुमच्या सर्व्हरचा दिवस कसा जाईल ते डोळ्यांपुढे आणा. रात्री चार फोन चार्जिंगला लागतील, दिवसभराचे पाच-पन्नास फोटो वर चढतील, दोन-चार मिनिटांत काम संपलं. संध्याकाळी सासरेबुवा तासभर व्हिडिओ बघतील. उरलेले बावीस-तेवीस तास हे यंत्र नुसतं जागं बसून असणार. म्हणून प्रोसेसर किती धावतो हे विचारण्याआधी तो बसल्या बसल्या किती खातो हे विचारायचं. सतत चालणारा १ वॉट म्हणजे वर्षाला ८.७६ युनिट वीज. रिकामा बसून ८ वॉट घेणारा डबा वर्षाला ७० युनिट खातो. कपाटातला जुना टॉवर पीसी बाहेर काढून सर्व्हर केलात आणि तो ६० वॉट घेत बसला, तर सव्वापाचशे युनिट. फुकटचा टॉवर फुकट पडत नाही तो असा.

इथे एक फसगत हमखास होते. जाहिरातीत '६ वॉट', '३५ वॉट' असे आकडे असतात ते टीडीपीचे. प्रोसेसर कामाला लागला की किती उष्णता बाहेर टाकावी लागेल याचा तो अंदाज आहे. रिकामा असताना भिंतीतून किती वीज ओढली जाते याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही. ३५ वॉटवाला ऑफिसचा डबा रिकामा असताना ८ ते १५ वॉटवर बसतो आणि ६ वॉटचा म्हणून विकला जाणारा एन-१०० (इंटेलचा छोटा प्रोसेसर) साधारण ६ ते १० वर. आत काय काय बसवलंय, बायोसमध्ये (यंत्र सुरू होताना सगळ्यात आधी चालणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) वीज वाचवायच्या सोयी चालू आहेत की नाहीत, यावर दोन-चार वॉट इकडेतिकडे होतात. प्लगमध्ये लावायचं छोटं वॉटमीटर मिळतं, ते एक घेऊन ठेवा. पुढे त्याचा चाळाच लागतो, फ्रिजपासून सेट-टॉप बॉक्सपर्यंत सगळ्यांची झडती घ्यावीशी वाटते, तो भाग वेगळा.

आय-नाइनच्या मिनी पीसीत बहुतेक वेळा लॅपटॉपचा तापट प्रोसेसर एका ओंजळीएवढ्या डब्यात कोंबलेला असतो. जोर लावला की छोटा पंखा जिवाच्या आकांताने फिरतो, आणि छोट्या पंख्याचा आवाज मोठ्या पंख्यापेक्षा कानाला जास्त टोचतो. नवऱ्याची एकमेव अट तिथेच मोडली. 'दहा वर्षं बघायला नको' हेही तितकंसं खरं नाही. घरच्या सर्व्हरमध्ये आधी संपते ती ड्राइव्हवरची जागा, मग रॅम. प्रोसेसर कमी पडल्याची तक्रार मी फार क्वचित ऐकली आहे.

आणि खरी मेख जागेचीच आहे. मिनी पीसी घेताना लोक प्रोसेसरवर आठवडा घालवतात आणि ड्राइव्ह कुठे बसणार हा प्रश्न डबा घरी आल्यावर पडतो. तुमच्याकडे आज १.४ टीबी आहे. चार फोन रोज व्हिडिओ काढणार, म्हणजे दोन टीबी वर्ष-दीड वर्षात भरल्यातच जमा. चार टीबी धरून चला. हा चार टीबी शक्यतो डब्याच्या पोटात बसला पाहिजे आणि सिस्टिमसाठी वेगळा छोटा एसएसडी (फिरती तबकडी नसलेला ड्राइव्ह) हवा. म्हणजे किमान दोन ड्राइव्हना जागा. या एका अटीवर तुमचे निम्मे टॅब बंद होतील.

जागा बघताना काही बारकावे आहेत. एम.२ चा, म्हणजे पट्टीसारखा एसएसडी खोचायचा, खाचा दिसला म्हणजे त्यात वेगवान एनव्हीएमई जातीचा एसएसडी बसेलच असं नाही. काही स्वस्त डब्यांत दुसरा खाचा फक्त साटा या जुन्या जोडणीच्या एम.२ साठी असतो. दिसायला दोन्ही पट्ट्या बहिणी-बहिणी, पण एकीच्या जागी दुसरी चालत नाही. लांबीही बघायची. नेहमीचा एसएसडी ८० मिलीमीटर लांब असतो, तर काही खाच्यांत ४२ मिलीमीटरचाच मावतो, आणि तो आकार मोठ्या क्षमतेत शोधणं म्हणजे पायपीट. २.५ इंची ड्राइव्हची जागा असेल तर ती बहुधा ७ मिलीमीटर जाडीची असते. नेहमीचे २.५ इंची साटा एसएसडी त्यात बसतात. फिरत्या तबकडीचे चार-पाच टीबीचे पोर्टेबल ड्राइव्ह मात्र १५ मिलीमीटर जाड असतात, ते फोडून आत घालू असा विचार मनात आला असेल तर काढून टाका. शिवाय काही पोर्टेबल ड्राइव्हच्या बोर्डावर साटाचं तोंडच नसतं, यूएसबी थेट त्याच बोर्डावर डकवलेली असते.

"मग बाहेरून यूएसबीने लावू की!" असं म्हणाल. एक ड्राइव्ह, तोही स्वतःच्या अडॅप्टरवर चालणारा ३.५ इंची, असा लावायला माझी हरकत नाही. चार टीबीचा एसएसडी खिशाला जड वाटला तर तोच मार्ग. पण दोन-तीन ड्राइव्ह यूएसबीच्या डब्यात घालून त्यांची रेड (अनेक ड्राइव्ह एकत्र बांधून एकच असल्यासारखे वापरायची सोय) करायची, हा खेळ खेळू नका. यूएसबी आणि साटा यांच्या मध्ये जी चिप असते ती कधी कधी क्षणभर डोळे मिटते. एकट्या ड्राइव्हचं त्यात फारसं बिघडत नाही, रेड मात्र गृहीत धरते की ड्राइव्ह मेला, आणि अख्खी दुरुस्ती सुरू करते. मी हे सहा महिने करून पाहिलंय आणि कानाला खडा लावलाय.

आता टीव्हीचं. इथे प्रोसेसरची पिढी मात्र बघावी लागते. टीव्हीला जो व्हिडिओ जसाच्या तसा वाजवता येतो, तो सर्व्हर नुसता वाहून नेतो, त्याला कष्ट शून्य. अडचण येते ती टीव्हीला समजत नाही अशा फाइलची. मग सर्व्हरला व्हिडिओ चालता चालता दुसऱ्या रूपात बदलून द्यावा लागतो. हे नुसत्या प्रोसेसरच्या ताकदीवर केलं तर पंखा गरजतो आणि चित्र अडखळतं. इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरमध्ये यासाठी वेगळी यंत्रणा असते, क्विक सिंक नावाची, ती हे काम जवळपास फुकटात करते. पण कोणत्या पिढीला काय येतं यात फरक आहे. हल्लीच्या फोनचे चांगल्या प्रतीचे व्हिडिओ एचईव्हीसी या कमी जागा घेणाऱ्या व्हिडिओ-प्रकारात असतात, एचडीआर चालू असेल तर त्यातही १० बिटचे, म्हणजे जास्त रंगछटांचे. ते पूर्ण हाताळणारी क्विक सिंक सातव्या पिढीपासून आली. सहाव्या पिढीचा डबा तिथे लंगडा पडतो.

मग मी सातवी न म्हणता आठवी म्हणतो, ते का? डेस्कटॉपच्या आय-फाइव्हला सातव्या पिढीपर्यंत ४ कोर होते, आठव्यात एकदम ६ झाले. शिवाय विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने रेघ साधारण आठव्या पिढीवर ओढली आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपवला. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे डबे ऑफिसांनी ढिगाने बाहेर काढले आणि ते मोह पडेल अशा भावात दिसतात. लिनक्सला विंडोजच्या रेघेशी काही देणंघेणं नाही, ते त्यांवर मजेत चालेल. पण तुम्हाला टीव्हीवर फोनचे व्हिडिओ हवे आहेत, तर दोन पायऱ्या वर चढाच.

पिढी ओळखायची कशी? नुसतं 'आय-सेव्हन आहे' असं सांगणाऱ्या विक्रेत्याला पुढचा आकडा विचारा. आय-फाइव्ह ८५००टी मधला पहिला ८ म्हणजे आठवी पिढी. १०५००टी मधले पहिले दोन आकडे म्हणजे दहावी. शेवटचा टी म्हणजे ३५ वॉटची आवृत्ती, आपल्याला तीच हवी. चौथ्या पिढीचा आय-सेव्हन नावाने मोठा असला तरी आपल्या कामाचा नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

तर माझं मत सांगतो. तुमच्यासाठी ऑफिसमधून निघालेला, आठव्या ते दहाव्या पिढीचा, साधारण एक लिटर आकाराचा डबा. लेनोव्होचे थिंकसेंटर टायनी, डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपीचे एलिटडेस्क आणि प्रोडेस्क मिनी, हे तीन घराणेदार प्रकार. जाड वहीएवढा आकार, आत एक एनव्हीएमई आणि एक २.५ इंची ड्राइव्ह, रॅमचे दोन खाचे, बायोसच्या अपडेट रीतसर मिळतात आणि सुटे भाग अजून सापडतात. ऑफिसात दहा तास चालू राहायला बनवलेली यंत्रं आहेत ही, रिकामी असताना आवाज जवळजवळ नाही.

पण जुना डबा घरी आला की लगेच वायर लावून मोकळं व्हायचं नाही. आधी उघडायचा. टायनीच्या मागे एकच मोठा स्क्रू असतो, तो सोडवून वरचं झाकण पुढे सरकवलं की निघतं. पंख्याखालच्या बारीक पात्यांवर बघा, धुळीचा थर नमद्यासारखा बसलेला असतो, सोलून काढता येतो इतका. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा आणि मग ब्रशने झाडा, नाहीतर फुंकरीने किंवा ब्लोअरने पंखा वेड्यासारखा फिरून त्याची बेअरिंग जाते. मग प्रोसेसरवरचा उष्णता वाहणारा ठोकळा सोडवा. खालची थर्मल पेस्ट सहा-सात वर्षांत वाळून खडूसारखी झालेली असते, नखाने खरवडली तर भुगा पडतो. ती पुसून मटाराच्या दाण्याएवढी नवी पेस्ट लावली की पंखा पुन्हा शांत होतो. 'जुना डबा आवाज करतो' या तक्रारीतल्या बऱ्याच तक्रारी या वाळक्या पेस्टच्या असतात. मग २.५ इंची ड्राइव्हची जागा बघा. तिथे ड्राइव्ह धरणारी चौकट आणि चपटी केबल असायला हवी. ऑफिसात एसएसडीवरच काम भागलेलं असतं, त्यामुळे पुष्कळ डब्यांतून ती चौकट गायब असते आणि वेगळी शोधावी लागते. खरेदीआधी हा एक फोटो मागून घ्या.

विक्रेत्याला आणखी दोनच प्रश्न. बायोसला पासवर्ड आहे का? ऑफिसच्या मशीनवर तो राहून गेला तर तो काढणं तुमच्याच्यानं होणार नाही, असा डबा घेऊच नका. आणि मूळ अडॅप्टर सोबत आहे का? प्रत्येक कंपनीची पिन वेगळी, आणि डेलला अडॅप्टर ओळखता आला नाही तर ते मशीन स्वतःहून प्रोसेसरचा वेग पाडतं. माणसं मग महिनोन् महिने 'हा डबा एवढा हळू का' म्हणून लिनक्सला दोष देत बसतात.

जुनं घ्यायचा धीर होत नसेल, किंवा वॉरंटीशिवाय घरात वस्तू आणायची नाही असा नियम असेल, तर नवा एन-१०० किंवा एन-१५० घ्या, पश्चात्ताप होणार नाही. २०२३ च्या सुरुवातीला आलेला एन-१०० हा ४ कोरचा छोटा इंटेल ढोबळमानाने सहाव्या पिढीच्या ४ कोरच्या आय-फाइव्हच्या तोडीचा आहे, आणि क्विक सिंक मात्र त्याहून बरीच नवी. एव्ही१ हा आणखी नवा व्हिडिओ-प्रकारसुद्धा वाचते, जे आठव्या-दहाव्या पिढीला येत नाही. फोटोंची साठवण, टीव्ही, जाहिराती अडवणं, सगळं तो आरामात ओढेल. फक्त रॅमचा एकच मार्ग असतो आणि इंटेल अधिकृतपणे १६ जीबीपर्यंतच हमी देतं. रॅम बोर्डालाच चिकटवलेली असेल तर आज घेतली तेवढीच शेवटपर्यंत. तशी असेल तर १६ च घ्या. ८ जीबीत सुरुवात होते, पण फोटोंमधले चेहरे ओळखणारं सॉफ्टवेअर आणि दोन-चार सेवा एकत्र आल्या की ओढाताण सुरू.

नव्या डब्याची एक अट मात्र पाळा. आतली तयार विंडोज चालू करून 'बघू तरी कशी आहे' म्हणून पासवर्ड टाकत बसू नका. २०२४ च्या सुरुवातीला एका ब्रँडच्या काही मिनी पीसींवर कारखान्यातूनच पासवर्ड चोरणारं मालवेअर आल्याचं उघड झालं होतं. पहिल्या दिवशी ड्राइव्ह सपाट पुसून लिनक्स टाका. आतला बेनामी एसएसडीही जमल्यास ओळखीच्या कंपनीचा घाला.

रास्पबेरी पाय या एका पाटीवरच्या चिमुकल्या संगणकावर मी जीव लावलेला माणूस आहे, तरी तुम्हाला नाही म्हणेन. पाय ५ ला केस, अडॅप्टर, एसएसडीसाठी वेगळी पाटी असं जोडत गेलं की खर्च मिनी पीसीशी जाऊन भिडतो, आणि व्हिडिओ बदलून द्यायला त्यात क्विक सिंकसारखं काही नाही; एच.२६४ या जुन्या, सर्रास व्हिडिओ-प्रकारासाठीची यंत्रणा तर पाय ५ मधून काढूनच टाकली. एएमडीच्या रायझन प्रोसेसरचे मिनी पीसी उत्तम, पण ते दहा-दहा व्हर्च्युअल मशीन (एका यंत्राच्या पोटातले आभासी संगणक) चालवणाऱ्यांसाठी. तयार नॅस (नेटवर्कला जोडायचा साठवणीचा डबा) घेतलात तर फोटोंचं काम होईल, पण मग 'काही शिकायला मिळावं' हे राहिलं.

नेटवर्कवर डोकं शिणवू नका. साध्या गिगाबिट पोर्टमधून सेकंदाला सुमारे ११५ मेगाबाइट जातात, चार फोन आणि एका टीव्हीला ते रग्गड. अडीच गिगाबिट असेल तर असू दे, त्यासाठी चार पैसे जास्त मोजू नका. दोन इथरनेट पोर्टांचा डबा हा राउटर बनवणाऱ्यांसाठी. मात्र सर्व्हर वायफायवर ठेवू नका. राउटरच्या शेजारी, केबलने जोडून, उघड्यावर. टीव्हीच्या बंद कपाटात कोंडलात तर शांत डबाही तिथे तापून पंखा फिरवत बसेल.

आता माझी एक फजिती सांगतो, कारण ती जुना डबा घेणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला येऊ शकते. माझा पहिला ऑफिसचा डबा छान चालत होता. मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही, कपाटाच्या वर गप बसलेला. आम्ही दहा दिवस गावाला गेलो आणि दुसऱ्याच दिवशी घरची वीज गेली. वीज परत आली, राउटर उठला, सर्व्हर उठला नाही. घरी येऊन मॉनिटर लावला तर काळ्या पडद्यावर एकच ओळ: तारीख-वेळ चुकली आहे, पुढे जाण्यासाठी एफ१ दाबा. बिचारा आठ दिवस कुणीतरी एफ१ दाबेल म्हणून थांबला होता. बायोसची आठवण राखणारा बोर्डावरचा बटण-सेल, सीआर२०३२, संपला होता. वीज गेली तशी बायोसची स्मृतीही गेली.

म्हणून डबा उघडलाच आहे तर तो सेल बदलून टाका. घड्याळाच्या दुकानातही मिळतो. मग बायोसमध्ये जाऊन 'एसी पॉवर लॉस'च्या नावाने जी ओळ असेल तिथे 'पॉवर ऑन' निवडा, म्हणजे वीज आली की यंत्र आपणहून उठेल. नव्या स्वस्त डब्यांपैकी काहींत ही सोयच नसते, तेवढं घेण्याआधी तपासा. सगळं झालं की मॉनिटर आणि कीबोर्ड काढून, अडॅप्टर भिंतीतून उपटून, मिनिटभराने पुन्हा लावून बघा. आपणहून उठला आणि लॅपटॉपवरून दिसला, तर तो सर्व्हर. छोटा यूपीएसही जोडा, राउटर आणि सर्व्हर दोन्ही त्यावर. १२ व्होल्टचे राउटरवाले मिनी यूपीएस मिळतात, त्यांच्या नादी लागताना अडॅप्टरवर काय छापलंय ते वाचा. ऑफिसचे डबे १९-२० व्होल्टवर चालतात, ते त्यावर उठणार नाहीत.

सॉफ्टवेअरचं थोडक्यात. डेबियन हे लिनक्स टाका, त्यावर डॉकर (प्रत्येक सेवा आपापल्या पेटीत चालवणारं सॉफ्टवेअर), आणि त्यात फोटोंसाठी इमिच, टीव्हीसाठी जेलीफिन. व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रॉक्समॉक्सची भुरळ पडेल, ती पडू द्या, पण सहा महिन्यांनी. इमिचमध्ये पहिल्यांदा सगळे फोटो ओताल तेव्हा चेहरे ओळखायला यंत्र दिवस-दोन दिवस घाम गाळेल, पंखाही ऐकू येईल. ते एकदाच. तेवढ्यावरून नवऱ्याला सर्व्हर नापास करू देऊ नका. घराबाहेरून फोटो बघायचे असतील तर राउटरवर पोर्ट उघडायच्या फंदात न पडता टेलस्केल ही आपल्या यंत्रांना खाजगी वाटेने जोडणारी सेवा वापरा, ते वायरगार्ड या व्हीपीएनवरच उभं आहे आणि पुष्कळ इंटरनेट कंपन्या देतात त्या सामायिक आयपीवरही (अनेक घरांना मिळून एकच पत्ता) चालतं.

जाहिराती अडवणारं पाय-होल मात्र सगळ्यात शेवटी लावा, बाकीचं महिनाभर बिनबोभाट चाललं की. एकदा का घरातले सगळे फोन वेबसाइटचा पत्ता विचारायला तुमच्या सर्व्हरकडे येऊ लागले, की तो बंद पडल्याक्षणी अख्ख्या घराचं 'इंटरनेट गेलं'. फोटो दोन दिवस चढले नाहीत तर कुणाला कळतही नाही, पण क्रिकेटच्या मॅचच्या मध्ये तुम्ही सर्व्हर रीस्टार्ट केलात तर सासरे विचारणारच.

राहिला जुन्या ड्राइव्हचा प्रश्न. टक-टक करणारा डेटा काढून झाल्यावर टाकून द्या, पण तसाच भंगारात नको. त्यावर तुमच्या घरच्यांचे चेहरे आहेत, खिळा ठोकून तबकडी बाद करा आणि मग ई-कचऱ्यात. दुसरा धडधाकट असेल तर त्याला निवृत्त करू नका. आणि सुरुवातीला डेटा उतरवायला जो नवा ड्राइव्ह आणलात तोही आहेच. दोघांपैकी मोठा सर्व्हरला लावून रोज रात्री रेस्टिक या बॅकअपच्या सॉफ्टवेअरने बॅकअप घ्या. जो लहान आहे त्यावर फक्त फोटो घ्या, पासवर्डने कुलूपबंद करा आणि बहिणीकडे किंवा आईकडे नेऊन ठेवा. दर दोन-तीन महिन्यांनी जाल तेव्हा घरी आणून ताजा करायचा. भाचा तिथेच राहत असेल तर ही ने-आण त्याच्याकडे सोपवा, आय-नाइनची हौस तेवढ्यावर भागेल.